व्हेनिस मुक्कामाने पाहावे: सांगली-साताऱ्याकडच्या प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातून युरोपच्या सहलीला जाणाऱ्या बहुतेक मंडळींच्या वाट्याला व्हेनिस येते ते जेमतेम अर्धा दिवस. बस मुख्य भूमीवरच्या हॉटेलातून निघते, धक्क्यावर सगळ्यांना बोटीत बसवले जाते, सान मार्कोच्या चौकात उन्हात उभे राहून छायाचित्रे काढली जातात, काच फुंकण्याचे एक प्रात्यक्षिक होते, गोंडोलाची फेरी होते, आणि लगेच परतीची घाई सुरू होते. एवढा खर्च करून गेलेल्या माणसाच्या हाती गर्दीची आठवण तेवढी उरते, याचे वाईट वाटते. कारण हे शहर दिवसा बाहेरच्या लोकांचे असते आणि सकाळी आठच्या आधी व रात्री आठच्या नंतर ते पुन्हा स्वतःचे होते. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की व्हेनिसला किमान दोन आणि जमल्यास तीन रात्री द्याव्यात, आणि त्या मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे या उपनगरात नव्हे तर प्रत्यक्ष बेटांवर काढाव्यात. पुढची सगळी आखणी हे गृहीत धरूनच केलेली आहे.

शहराची रचना आधी समजून घ्या

उथळ खाजणातील सुमारे ११८ लहान बेटांवर हे शहर उभे आहे, आणि ती बेटे ४०० हून अधिक पुलांनी एकमेकांना जोडलेली आहेत. मऊ चिखलात लाकडी खांब दाटीवाटीने ठोकून, त्यांवर पाण्याला दाद न देणाऱ्या इस्त्रियाच्या दगडाचे थर रचून इमारतींचा पाया घातला गेला. चिखलात प्राणवायू पोहोचत नसल्याने ते लाकूड शतकानुशतके टिकून आहे. १८४६ मध्ये रेल्वेचा पूल होईपर्यंत येथे केवळ पाण्यावरूनच येता येत असे. मोटारींचा रस्ता तर १९३३ मध्ये आला, आणि तोही पियाझ्झाले रोमा या चौकापाशी संपतो. त्यापुढे मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. पाय आणि बोट ही दोनच साधने आहेत, ही गोष्ट सामान भरण्यापासून हॉटेल निवडण्यापर्यंत प्रत्येक निर्णयात लक्षात ठेवावी लागते.

शहराचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून संपूर्ण भागानुसार सलग दिलेले असतात, त्यामुळे ‘कान्नारेजो’ आणि पुढे चार आकडी क्रमांक एवढ्या पत्त्यावर घर शोधणे नवख्याला जवळजवळ अशक्य असते. हॉटेल ठरवतानाच जवळचा बोटथांबा कोणता, तेथून किती पूल ओलांडावे लागतात आणि जवळची ठळक खूण कोणती, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

केव्हा जावे

हवामानाच्या दृष्टीने एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हे काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, डास आणि गर्दी तिन्हींचा त्रास होतो. आपल्याकडे मात्र सुट्ट्या ठरलेल्या असतात आणि त्या दोन्ही वेळी एकेक अडचण आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गेल्यास प्रवेशशुल्काचे दिवस आडवे येतात. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांवर काही ठरावीक तारखांना शुल्क लावले. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, आगाऊ नोंदणी केल्यास ५ युरो आणि ऐनवेळी केल्यास १० युरो असा दर होता, आणि सकाळी ८.३० ते दुपारी ४ ही वेळ होती. बेटांवर मुक्काम करणाऱ्यांना आणि १४ वर्षांखालील मुलांना ते माफ असते. तरीही मुक्कामाच्या पाहुण्यांनी महापालिकेच्या संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवावा, कारण तपासनीस तोच मागतात. तारखा दरवर्षी नव्याने जाहीर होतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

दिवाळीच्या सुट्टीत गर्दी पुष्कळ कमी असते आणि खोल्यांचे दर उतरतात, पण हा भरतीच्या पाण्याचा हंगाम असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण अनेक जण त्या नुसत्या शब्दानेच बेत रद्द करतात आणि तसे करण्याची मुळीच गरज नसते.

व्हिसा आणि कागदपत्रे

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो; उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून तीन महिने आधी कामाला लागणे शहाणपणाचे. एकाहून अधिक देश पाहणार असाल, तर जेथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, आणि किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा अनिवार्य आहे.

आपल्या भागातील अर्जदारांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. अनेकांचे मुख्य उत्पन्न शेतीचे असते, त्यावर आयकर नसतो, आणि म्हणून विवरणपत्रात दिसणारा आकडा प्रत्यक्ष ऐपतीपेक्षा फारच लहान दिसतो. अशा वेळी सातबारा उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर, ऊसबिल किंवा द्राक्ष-बेदाण्याच्या विक्रीची रक्कम खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, आणि हे सारे एका पानात समजावून सांगणारे साधे पत्र सोबत जोडावे. खाते सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असेल, तर नुसती संगणकाची प्रत न देता शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही घेतलेला उतारा द्यावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम खात्यात भरणे मात्र टाळावे. तिने विश्वास वाढत नाही, शंका वाढते.

घरापासून व्हेनिसपर्यंत

मुंबईहून एखाद्या आखाती किंवा युरोपीय शहरात विमान बदलून व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरता येते. सांगली, मिरज किंवा साताऱ्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठणे सोयीचे असते, पण विमान आणि गाडी यांच्यामध्ये अर्ध्या दिवसाचे अंतर ठेवावे, आणि पावसाळ्यात रस्त्याने निघणाऱ्यांनी तर त्याहून अधिक. इटलीतच आधी रोम किंवा मिलान पाहणार असाल, तर रेल्वेसारखा पर्याय नाही: मिलानहून सुमारे अडीच तास आणि रोमहून सुमारे चार तास लागतात. तिकीट ‘व्हेनेत्झिया सांता लुचिया’ या स्थानकाचे आहे, याची खात्री करावी. ‘व्हेनेत्झिया मेस्त्रे’ हे त्याच्या आधी लागणारे, मुख्य भूमीवरचे स्थानक आहे, आणि पाटीवर व्हेनिसचे नाव दिसले की नवखी माणसे तेथेच सामान घेऊन उतरून मोकळी होतात. गाडी मेस्त्रेहून निघाली की लांबच लांब पूल लागतो, दोन्ही बाजूंना पाणी पसरते, आणि दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया येते. स्थानकाच्या पायऱ्यांवर आलात की समोरच मोठा कालवा असतो.

विमानतळावरून पियाझ्झाले रोमाला जाणारी बस वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवते आणि स्वस्त पडते. बोटीने जाण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. मात्र हॉटेल कास्तेल्लोच्या बाजूला असेल आणि सोबत वडीलधारी मंडळी असतील, तर बोटीचे जास्तीचे पैसे जरूर खर्च करावेत, कारण त्यामुळे दहा-बारा पूल वाचतात.

सामानाबद्दल ठामपणे सांगतो: माणशी एकच लहान बॅग, आणि तीही ज्याची त्याला एका हाताने उचलता येईल अशी. प्रत्येक पुलाला चढायच्या व उतरायच्या पायऱ्या असतात, आणि चाकांच्या मोठ्या बॅगा तेथे निव्वळ ओझे ठरतात. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि तासगावचे बेदाणे खुशाल न्यावेत. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र घरीच ठेवावेत, कारण दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेण्यावर निर्बंध आहेत.

मुक्काम कोठे करावा

सहकुटुंब जाणाऱ्यांना कान्नारेजो सर्वांत सोयीचा. स्थानकापासून निघणारा रुंद रस्ता, तुलनेने कमी पूल, भाजी-किराण्याची दुकाने, आणि सान मार्कोपेक्षा बरेच उतरलेले दर. याच भागात १५१६ मध्ये ज्यूंसाठी सक्तीने वेगळी काढलेली वस्ती आहे. ‘घेटो’ हा जगभर गेलेला शब्द याच वस्तीच्या नावावरून आला. शांतता हवी असेल तर कास्तेल्लोचा पूर्वभाग, चित्रे आणि चर्च यांची आवड असेल तर दोर्सोदुरो. सान मार्कोच्या चौकालगत मात्र राहू नये. दर दुप्पट आणि दिवसभर गर्दी. हॉटेलात मुक्कामकर वेगळा भरावा लागतो, तो बहुधा रोख मागतात.

बोटींचे गणित

येथील सार्वजनिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात. एका प्रवासाचे तिकीट ९.५० युरो असून ते ७५ मिनिटे चालते, म्हणून दिवसभरात वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा बोटीने गेलात तरी खिसा हलका होतो. त्याऐवजी २४ तासांचा पास २५ युरोला, ४८ तासांचा ३५ युरोला आणि ७२ तासांचा ४५ युरोला मिळतो. हे २०२५ चे दर आहेत. सहा वर्षांखालील मुले मोफत जातात. पासचे तास पहिल्यांदा यंत्रावर टेकवल्यापासून मोजले जातात, आणि न टेकवता चढल्यास पास खिशात असूनही दंड होतो. विमानतळाची बस आणि बोट या साध्या पासात येत नाहीत.

पोहोचल्याच्या दिवशी, ऊन कलल्यावर, पियाझ्झाले रोमा किंवा स्थानकापासून क्रमांक १ च्या बोटीत बसावे आणि सान मार्कोपर्यंत सलग जावे. सुमारे पाऊण तासाच्या या प्रवासात सुमारे ३.८ किलोमीटरचा मोठा कालवा संपूर्ण पाहून होतो, आणि त्यासाठी वेगळी सहल विकत घेण्याची गरज नाही. शक्य असेल तर बोटीच्या पुढच्या किंवा मागच्या उघड्या भागात जागा धरावी. निघाल्यावर थोड्या वेळाने उजवीकडे तुर्की व्यापाऱ्यांची जुनी वखार येते, पुढे डावीकडे दगडी जाळीच्या नाजूक सज्जांचा ‘का दोरो’ महाल, मग उजवीकडे बाजार आणि त्यालगत रिआल्तोचा पूल. अंतोनियो दा पोंते यांनी १५८८ ते १५९१ या काळात बांधलेला हा दगडी पूल १८५४ पर्यंत या कालव्यावरचा एकमेव पूल होता. महालांच्या खालच्या मजल्याकडे नीट पाहावे: दरवाजे थेट पाण्यात उघडतात, कारण माल तेथेच उतरत असे आणि कुटुंब वरच्या मजल्यावर राहत असे. शेवटी उजव्या हाताला सांता मारिया देल्ला सालुते हे मोठ्या घुमटाचे चर्च येते, जे १६३०-३१ च्या प्लेगमधून शहर वाचल्याबद्दल नवस फेडण्यासाठी बांधले गेले.

गोंडोलाचा दर महापालिकेने ठरवलेला आहे: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११० युरो. हा दर संपूर्ण नावेचा असतो, माणशी नव्हे, आणि नावेत पाच जण बसतात. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून ती करावी आणि मोठ्या कालव्याऐवजी आतल्या अरुंद पाण्यातून नेण्यास बसण्यापूर्वीच सांगावे. कोणाला ही चैन वाटत असेल, तर मोठा कालवा आडवा ओलांडून देणारी त्रागेत्तो ही नाव अवघ्या २ युरोत मिळते. दोर्सोदुरोतील सान त्रोव्हासो येथे गोंडोला दुरुस्त करणारा जुना कारखाना पलीकडच्या काठावरून पाहता येतो. सुमारे ११ मीटर लांबीची ही नाव दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वल्हे उजव्या बाजूलाच असल्याने तिची डावी बाजू मुद्दाम अधिक रुंद ठेवतात, म्हणजे एका वल्ह्यानेही ती सरळ जाते.

सान मार्को कसे पाहावे

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चौकात असावे. त्या वेळी तेथे झाडूवाले, मालाच्या हातगाड्या ओढणारी माणसे आणि कामावर निघालेले रहिवासी एवढेच असतात. या हातगाड्यांना पुढे दोन जास्तीची लहान चाके असतात. गाडीवाला पुलाच्या पायरीवर ती आधी टेकवतो, मग मोठी चाके ओढून घेतो, आणि शंभर-दीडशे किलोचा माल एकटा पूल ओलांडून नेतो. शहराचा प्रत्येक टोमॅटो, प्रत्येक चादर आणि प्रत्येक विटेचा तुकडा असाच बोटीतून गाडीवर आणि गाडीवरून दारात पोहोचतो, हे दृश्य दहानंतर गर्दीत हरवते.

बॅसिलिका म्हणजे चौकातले मोठे चर्च, आणि दोजेचा (जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा) महाल या दोन्हींची वेळ ठरवलेली तिकिटे आधीच काढावीत. बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, पाठीवरची मोठी पिशवी आत नेता येत नाही, आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना प्रवेश नसतो. आत सोनेरी मोझेइकखाली (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांखाली) उभे राहून छताकडे पाहतो तसे पायाखालीही पाहावे. जमीन लाटांसारखी खालीवर झालेली दिसते. वरच्या संग्रहालयात ठेवलेले चार कांस्य घोडे कॉन्स्टँटिनोपलच्या १२०४ मधील लुटीतून आणलेले आहेत. शेजारचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी संपूर्ण कोसळला आणि १९१२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा उभारला गेला. त्यात लिफ्ट आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही वर जाता येते. दोजेच्या महालाला किमान अडीच तास द्यावेत. मोठी दालने पाहून मागच्या बाजूने तुरुंगाकडे जाताना आपण ‘उसाशांच्या पुला’च्या आतून चालतो, आणि दगडी जाळीतून बाहेरचे पाणी दिसते.

दुपारी तेथून बाहेर पडून सान पोलो भागात जावे. फ्रारी चर्चमध्ये तिशियन या चित्रकाराचे १५१८ मधील भव्य चित्र ज्या जागेसाठी काढले गेले त्याच जागेवर आहे, आणि जवळच सान रोको येथे तिंतोरेत्तो या चित्रकाराच्या चित्रांनी भिंती व छत भरून गेले आहेत. रिआल्तोचा मासळीबाजार सकाळी लवकर पाहावा. रविवारी व सोमवारी तो बंद असतो.

वाटेत लागणाऱ्या प्रत्येक लहान चौकात, ज्याला येथे काम्पो म्हणतात, मध्यभागी एक नक्षीदार दगडी विहीर दिसेल. ती खरी विहीर नव्हेच, कारण खाली खारे पाणी आहे. चौक खोदून, तळाला व कडांना चिकणमाती लिंपून, आत वाळू भरली जाई. पावसाचे पाणी फरसबंदीतील छिद्रे असलेल्या दगडांतून खाली उतरे, वाळूतून गाळले जाई आणि मधल्या विटांच्या नळकांड्यात साठे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ येईपर्यंत शहराने मुख्यतः असेच पाणी प्यायले. विहिरीभोवती ते छिद्रांचे दगड आजही ओळखता येतात. मुलांना ते शोधायला लावावेत.

भरतीचे पाणी आणि त्याचे आकडे

ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान दक्षिणेचा वारा आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी रस्त्यावर येते. याला ‘आक्वा आल्ता’ म्हणतात. उद्या ९५ सेंटिमीटर किंवा १०५ सेंटिमीटर असे अंदाज जाहीर होतात आणि परका माणूस ते वाचून धास्तावतो. सांगलीकराला हे समजणे सर्वांत सोपे आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले म्हणजे गावात ४० फूट पाणी आले, असा अर्थ आपण घेत नाही. तो मोजपट्टीवरचा आकडा असतो आणि त्यावरून आपल्या गल्लीत पाणी येणार की नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. व्हेनिसचे आकडेही तसेच, १८९७ मध्ये ठरवलेल्या समुद्रपातळीपासून मोजलेले असतात. सान मार्कोचा चौक सर्वांत सखल, तो ८०-८५ सेंटिमीटरच्या सुमारास ओला होऊ लागतो; शहराचा बहुतेक भाग ११० पर्यंत कोरडा राहतो. फरक एवढाच, की आपल्याकडचे पाणी दिवसेंदिवस मुक्काम ठोकते आणि येथले ओहोटीबरोबर काही तासांत उतरते.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी हे पाणी १९४ सेंटिमीटरवर गेले होते, आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी, म्हणजे कृष्णेच्या त्या महापुरानंतर तीनच महिन्यांनी, १८७ वर. ३ ऑक्टोबर २०२० पासून खाजणाच्या तीन मुखांशी बसवलेले ‘मोझे’ प्रकल्पाचे ७८ दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी उचलले जातात, आणि तेव्हापासून शहर मोठ्या पाण्यापासून बरेचसे सुरक्षित झाले आहे. प्रवाशाने एवढेच करावे: रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा अंदाज पाहावा, सखल भागातील भेट ओहोटीच्या वेळी ठेवावी, घोट्याच्या वर जाणारे रबरी बूट तेथेच स्वस्तात घ्यावेत, आणि मांडलेल्या लाकडी फळ्यांवरून चालताना छायाचित्रासाठी थांबून मागच्यांची वाट अडवू नये.

बेटांचा दिवस

तिसरा दिवस बेटांसाठी. फोंदामेंते नोव्हे येथून क्रमांक १२ ची बोट सुटते. सकाळी आधी सर्वांत लांब जावे आणि मग परत येत यावे: बुरानोला उतरून लगेच दुसऱ्या बोटीने तोर्चेल्लो, तेथील सातव्या शतकात स्थापन झालेले कॅथेड्रल आणि त्यातील अंतिम न्यायाचे प्रचंड मोझेइक, मग रंगीत घरांचे व लेसकामाचे बुरानो, आणि परतीच्या वाटेवर मुरानो. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये शहरातील काचभट्ट्या मुरानोला हलवल्या गेल्या आणि ती कला तेथेच वाढली. हॉटेलातून किंवा चौकातून कोणी ‘मुरानोला मोफत बोट’ देऊ केली तर नम्रपणे नकार द्यावा. त्या बोटीचा शेवट दुकानात होतो. काच घ्यायचीच असेल तर ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह पाहून घ्यावी.

खाणे, पाणी आणि शिस्त

शाकाहारी माणूस येथे उपाशी राहत नाही. ‘सेंत्झा कार्ने, सेंत्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ करावेत. टोमॅटोचा पास्ता, मार्गेरिता पिझ्झा, भाज्यांचा रिझोत्तो सर्वत्र मिळतात. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, कोरड्यात सहसा नसते. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतो, तेव्हा काटेकोर पाळणाऱ्यांनी ते वगळायला सांगावे. टेबलावर बसल्यास ‘कोपेर्तो’ ही माणशी रक्कम लागते, आणि तीच कॉफी उभ्याने प्यायल्यास बरीच स्वस्त पडते. रस्त्यावरच्या नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, म्हणून बाटली जवळ ठेवावी.

सान मार्कोच्या परिसरात पायऱ्यांवर बसून डबा खाणे, कबुतरांना दाणे टाकणे, कालव्यात पोहायला उतरणे यांवर दंड होतो. २०२४ पासून मार्गदर्शकासोबतच्या गटात २५ हून अधिक माणसे चालत नाहीत आणि ध्वनिवर्धकालाही बंदी आहे. जुन्या शहरात आता ५०,००० पेक्षाही कमी रहिवासी उरले आहेत. अरुंद गल्लीत उजव्या बाजूने एकामागे एक चालणे आणि पुलाच्या मध्यावर घोळका न करणे, एवढे तरी त्यांच्यासाठी करावे.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी आदल्या रात्रीच बोटथांब्यांवरून मार्ग आखावा. सान जोर्जो बेट, सालुते, सान मार्को ही ठिकाणे बोटीतून उतरल्यावर एकही पूल न चढता पाहता येतात. हरवलात तर घाबरू नये; भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या रिआल्तो, सान मार्को आणि स्थानकाची दिशा दाखवतात.

परतीच्या दिवशी खोली लवकर सोडावी लागते आणि विमान बहुधा दुपारनंतर असते. बॅगा हॉटेलात किंवा सांता लुचिया स्थानकावरच्या सामानघरात ठेवून पासाचे उरलेले तास वापरून घ्यावेत, आणि विमानतळाच्या बसची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. भरतीचा इशारा असेल तर काही बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत व त्यांचे मार्ग बदलतात, म्हणून अशा दिवशी पियाझ्झाले रोमाला एक तास आधी पोहोचावे.